संशयाचा क्रम

भागुराम जाधवांनी उभ्या आयुष्यात एकाच माणसावर संशय घ्यायला उशीर केला. तो माणूस मी.

बाकी त्यांचा सगळ्यांवर संशय होता. विजेच्या दाबावर, पावसाळी हवेवर, मुंबईहून आलेल्या सुट्या भागांवर आणि सगळ्यात जास्त गिऱ्हाइकाच्या तोंडच्या हकिकतीवर. महाडला एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. बाजारात त्यांना 'फौजदार' म्हणत. बिघडलेली वस्तू टेबलावर आली की ते आधी वस्तूला हात लावत नसत, आणणाऱ्याला विचारत. कधीपासून बिघडलं, घरात कुठं ठेवता, लावतं कोण, पुसतं कोण, शेवटचा हात कुणाचा. मग स्क्रू काढता काढता तेच प्रश्न उलटे फिरवून.

"मघाशी बोललात पोरगा लावतो. आता बोलता मालकीण लावते."

"दोघंही लावतात ओ भागुरामभाऊ."

"मंग दोघांना घेऊन या."

गिऱ्हाईक चिडायचं, पण दुसरीकडे जायचं नाही. पोलादपूरपासून माणगावपर्यंत रेकॉर्डप्लेयर उघडून पुन्हा नीट बंद करणारा दुसरा माणूस तेव्हा नव्हता. "एकाच प्रश्नाला दोन उत्तरं आली की समजायचं, दोष सापडला," असं ते म्हणायचे. हे वाक्य मी तेव्हा हसून ऐकलं होतं.

दुकानात छातीच्या खाली काही ठेवलेलं नसे. सावित्री नदीचं पाणी दर दोन-तीन वर्षांनी गल्लीत शिरायचं, म्हणून सगळं सामान उंच फळ्यांवर किंवा छताला टांगलेलं. खाली असं फक्त मधोमधलं टेबल, आणि टेबलावर कापडाखाली त्यांचा स्वतःचा रेकॉर्डप्लेयर. आलेली प्रत्येक रेकॉर्ड ते त्याच्यावर लावून ऐकत. गाणं मात्र ऐकत नसत. मान तिरकी करून फक्त 'स' आणि 'श' ऐकत. "बाकीची अक्षरं लबाड हायत, सर. सुई खराब झाली तरी 'म' गोड वाजतो. 'स' खोटं बोलत नाय. आधी तोच फाटतो."

हा कान माणसांनाही सोडत नसे. मी पोलादपूरच्या ज्या हायस्कुलात मराठी शिकवायचो तिथले हेडमास्तर एकदा त्यांच्याशी दोन मिनिटं बोलून गेले. भागुराम मला हळूच म्हणाले, "कवळी नवी हाय. डाव्या बाजूला फट हाय. डॉक्टरला दाखवा म्हणावं." हेडमास्तरांनी कवळी बसवल्याचं तोवर त्यांच्या सौभाग्यवतींखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

आवाज फाटतो अशी तक्रार आली की ते डावा हात वर करून करंगळीपासून एकेक बोट मिटत. "आधी धूळ. मंग सुई. मंग वजन. मंग रेकॉर्ड." चार बोटं मिटली की उरलेला अंगठा ते दाखवत. "आणि माणूस सगळ्यात शेवटी. संशय घ्यायला ना नाय, सर. पण क्रमानं घ्यावा."

उमरठच्या एका लग्नात मी त्यांना हा क्रम पाळताना पाहिलं. मी मुलाकडून गेलो होतो, लाउडस्पीकर त्यांचा होता. नवऱ्याच्या चुलत्यांनी घरची रेकॉर्ड लावायला दिली आणि ती लागताच मांडवात तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज सुरू झाला. चुलते तावातावानं आले.

"ए फौजदार, भोंगा फाटकाच आणलास काय रं? माझी रेकॉर्ड कोरी हाय."

भागुरामांनी सुई उचलली, पुसली, भिंगातून पाहिली. मागचं वजन पाहिलं. तीन बोटं मिटली. मग रेकॉर्ड नाकाशी नेली आणि तशीच चुलत्यांच्या नाकासमोर धरली.

"वास घ्या."

"कसला?"

"सुकटीचा."

मांडव हसला. आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्याच वस्तूंना बुरशी येते. चुलत्यांच्या आईनं जपणूक म्हणून ती रेकॉर्ड चार महिने चुलीवरच्या माळ्यावर, सुकटीच्या टोपलीशेजारी ठेवली होती. धुराची राप चरात बसली होती. भागुरामांनी ती रिठ्याच्या पाण्यानं धुऊन, जुन्या धोतराच्या कापडानं टिपून दिली आणि वर दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली. 'दोष : धूर.'

या चिठ्ठ्या ही त्यांची पद्धत होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, वळणदार अक्षरात, 'दोष' लिहून पुढं दोन टिंबं, मग दोन-तीन शब्द, खाली 'भा. जा.' दुरुस्त झालेल्या प्रत्येक वस्तूला अशी चिठ्ठी असे. मी एकदा विचारलं, तोंडानं सांगितलं तर नाही का चालत? म्हणाले, "तोंडानं सांगितलेलं माणूस सोयीनं ऐकतो. लिवलेलं तसं नाय."

आमच्या हायस्कुलात तेव्हा एक श्रवण मंडळ होतं. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. रविवारी दुपारी चित्रकलेच्या वर्गात आम्ही आठ-दहा जण जमून शास्त्रीय गाणं आणि नाट्यपदं ऐकायचो. अध्यक्ष अण्णासाहेब, महाडच्या कोर्टात वकिली करणारे आणि शाळेच्या स्थानिक समितीचेही अध्यक्ष. त्यांच्या पुतण्यानं मस्कतहून आणलेला प्लेयर त्यांनी मंडळाला दिला होता. त्याला हिऱ्याची सुई होती. तोवर आम्ही हिऱ्याची सुई ऐकलेली होती, पाहिलेली नव्हती. अण्णासाहेब प्रत्येक नव्या माणसाला ती दाखवायचे, आणि डोळ्यांना काही दिसत नसल्यामुळे सगळ्यांना ती खरी वाटायची.

मी चिटणीस होतो. वय सत्तावीस, नोकरी तात्पुरती. कायम व्हायचं तर जूनमध्ये समितीचा ठराव हवा होता.

प्लेयर घुमायला लागला म्हणून भागुरामांना बोलावलं. वायर कुजली होती. ती बदलायला ते सुईचं अख्खं डोकं महाडला घेऊन गेले आणि आठ दिवसांनी परत आणून बसवलं. त्यांच्या पेटीत हत्यारांबरोबर एक काचेचा ग्लास असायचा. त्यात दोन बोटं पाणी घालून तो त्यांनी प्लेयरवर ठेवला, पाणी कुठल्या बाजूला कलतं ते पाहून पायाखाली पुठ्ठा सरकवला. मग सुईच्या दांडीमागचं वजन फिरवून ठरवलं आणि तिथं पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. "याला कुणी हात लावायचा नाय, सर. सुई या वजनावरच चरात बसते."

चहा आला. शिपायानं सगळ्यांना कपबशा दिल्या. भागुरामांनी ग्लासातलं पाणी खिडकीबाहेर टाकलं आणि ग्लास पुढं केला. मला वाटलं, माणसाला मोठा चहा लागतो. हे मला कित्येक वर्षं वाटत राहिलं, किंवा मी वाटू दिलं. तसंच आणखी एक. आम्ही दोघंच असलो की मी त्यांना 'तुम्ही' म्हणायचो. मंडळी असली की 'तू'. आज इथं 'ते' लिहितो आहे.

जाताना त्यांनी मला व्हरांड्यात थांबवलं. शाळेत प्रयोगशाळा मदतनिसाची जागा निघणार होती. ते मॅट्रिक झालेले, वायरमनचा कोर्स केलेला. "दुकान एका पुरात निम्मं जातं, सर. सुनंदा सातवीत हाय. बाप पगाराचा असला तर पोरगी पुढं शिकंल. अण्णासाहेबांच्या कानावर घाला." मी म्हटलं, घालतो. घातलंही. अण्णासाहेब म्हणाले, "हुशार आहे. बघू. अर्ज तर करू दे."

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी ते वजन फिरवलं.

माझा हेतू वाईट नव्हता, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. शनिवारी मंडळाची खोली झाडायला गेलो होतो. वजनाच्या कड्यावर आकडे होते आणि ठिपका तीनच्या जवळ. तीन ग्रॅम. हिऱ्यासारखी कठीण वस्तू तीन ग्रॅमनं दाबून धरली तर रेकॉर्ड किती दिवस टिकणार, असं मनात आलं. महागाच्या वस्तूला हलका हात, असं आमच्या घरात वळण. मी कडं फिरवून एकवर आणलं. रेकॉर्डी वाचवल्याचं समाधान घेऊन घरी गेलो.

दोन महिन्यांत 'स' फाटू लागला. आधी रेकॉर्डच्या आतल्या, शेवटच्या पदांत. मग सगळीकडे. 'सखी' म्हटलं की थुंकल्यासारखं वाजायचं. मंडळातले पोस्टमास्तर म्हणाले, धूळ असेल. एकदा पुसून पाहिलं, फरक पडला नाही. त्या रविवारी अण्णासाहेबांनी पान लावता लावता मला विचारलं, "सुई किती दिवस होती हो त्याच्याकडे?"

मला वजन त्या क्षणी आठवलं नाही, असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

"आठ दिवस," मी म्हटलं. "म्हणजे, मी काही म्हणत नाही. पण होती खरी."

"तेच. हिरा आता महाडात कुठल्या तरी मांडवात वाजत असेल. आपल्याला काच बसवून दिली."

सगळे हसले. कुणी विरोध केला नाही. सुई बाजारपेठेतल्या एखाद्या शेटजीच्या मेकॅनिकनं नेली असती, तर आम्ही आधी चार वेळा धूळ पुसली असती, मग वायर पाहिली असती. भागुराम बौद्धवाडीत राहायचे. हे त्या खोलीत कुणी उच्चारलं नाही. उच्चारायची गरज पडली नाही. आम्ही थेट अंगठ्यापासून सुरुवात केली होती.

ठरलं असं की त्याला बोलावून एकदा तपासायला लावायचं. भागुराम शनिवारी शाळा सुटल्यावर आले. रविवारी त्यांना महाडला एका लग्नात लाउडस्पीकर लावायचा होता. खोलीत आम्ही दोघंच. मी त्यांना म्हटलं, "मंडळींना वाटतंय, सुई बदलली गेली."

"मंडळींना?"

"हो."

त्यांनी पेटी उघडली. मऊ कुंचल्यानं सुई पुसली, करंगळी मिटली. भिंग लावून बराच वेळ टोक पाहिलं. "बघा तुमीच." मी पाहिलं. मला काय कळणार. "तीच हाय. झीजसुदा नाय." दुसरं बोट. मग ते दांडीच्या मागं गेले आणि थांबले.

पांढरा ठिपका वळून खालच्या बाजूला गेला होता.

"याला कुणाचा हात लागला, सर?"

बाहेर मैदानात मुलं कबड्डी खेळत होती. मी त्यांच्याकडे पाहत म्हटलं, "काही कल्पना नाही."

त्यांनी कडं फिरवून ठिपका जागेवर आणला. "कोरी रेकॉर्ड हाय का एखादी? अजून न लावलेली?" कपाटात चौदा रेकॉर्डी होत्या, त्यांतली एक पोस्टमास्तरांनी नुकतीच मुंबईहून आणलेली, बंद पाकिटातली. ती लावली. 'स' स्वच्छ, पाण्यासारखा. मग एक जुनी लावली. तोच थुंका.

"सुई नाचली, सर. वजन कमी झालं की सुई चरात बसत नाय, उड्या मारते. जिथं 'स' येतो तिथं जास्त. आणि उडी मारली की भिंत खरवडते. लोकांना वाटतं भारी सुई कापते. हलकी जास्त कापते." मला वाटलं, आता पुढचा प्रश्न येणार, उलटा फिरवून. तो आला नाही. इतर कुठल्याही गिऱ्हाइकाला त्यांनी सोडलं नसतं. पण मी त्यांना 'तुम्ही' म्हणणारा माणूस होतो, त्यांच्या अर्जाबद्दल शब्द टाकणारा.

त्यांनी चिठ्ठी लिहिली, दांडीला दोऱ्यानं बांधली. "उद्या सगळ्यांसमोर वाचून दाखवा. आणि कोरी रेकॉर्ड आधी लावा, मंग जुनी. म्हणजे त्यांना आपोआप कळंल." दारात वळून म्हणाले, "अर्जाचं काय?"

"समिती बसेल पुढच्या आठवड्यात."

रविवारी मंडळी यायच्या आधी मी दोरा कापला आणि चिठ्ठी खिशात घातली. मला भीती वाटली. वजन कमी केलं म्हटल्यावर 'कुणी' हा प्रश्न येणार, आणि खोलीची किल्ली माझ्याकडे होती. तेरा रेकॉर्डी मी खरवडल्या होत्या आणि जूनमधला ठराव अण्णासाहेबांच्या हातात होता.

"काय म्हणाला फौजदार?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"विशेष काही नाही. साफ करून गेला."

मी जुनी रेकॉर्ड लावली. 'स' फाटला. अण्णासाहेबांनी फक्त भुवया उंचावल्या. पुढच्या आठवड्यात समिती बसली. भागुरामांचा अर्ज बाजूला ठेवला गेला, जागा दुसऱ्याला मिळाली. जूनमध्ये मी कायम झालो.

एवढ्यावर भागलं असतं तरी पुरे होतं. पण महिन्याभरानं पोस्टमास्तरांनी आपली नवी रेकॉर्ड लावायला सांगितली, आणि ती अर्थातच स्वच्छ वाजली. अण्णासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "बघितलंत? बोलावून घेतल्याबरोबर घाबरला. काच काढून हिरा परत बसवून गेला." अण्णासाहेबांचं खरं असल्याचा हाच पुरावा झाला. पोलादपुरातून हा बोभाटा महाडात पोचला. लोक आपले रेडिओ दुरुस्तीला देताना समोर बसून राहू लागले, काढलेले भाग मोजून घेऊ लागले. ज्यानं सगळ्या गावाचे स्क्रू उघडून पुन्हा तितकेच बसवले होते, त्याच्या टेबलावर आता गिऱ्हाइकं स्क्रू मोजत होती. हे मला शिपायानं सांगितलं. मी नंतर त्या गल्लीत जाणंच टाळलं.

आठ वर्षांनी गेलो. मंडळ केव्हाच मोडलं होतं, रेकॉर्डी वाटून घेतल्या होत्या, सगळीकडे कॅसेट आल्या होत्या. माझ्या वाट्याला आलेली एक जुनी रेकॉर्ड काखेत घेऊन मी महाडला उतरलो. आता सांगायचंच, असं आंबेनळी घाटाच्या वळणांसारखं मनात फिरवत गेलो होतो. भागुरामांना चष्मा लागला होता. केस पिकले होते. फळ्यांवर टेपरेकॉर्डर होते. मला पाहून ते उठले, स्टूल पुसून दिलं. सुनंदाचं विचारलं. "दहावी झाली. मंग थांबली. लगीन झालं."

रेकॉर्ड त्यांनी कापडाखालच्या प्लेयरवर लावली. मान तिरकी. दुसऱ्याच ओळीला म्हणाले, "मंडळाची हाय."

"हो. काही करता येईल का?"

"नाय, सर. खरवडलेली भिंत भरत नाय. नवी सुई लावा, जुनाच ओरखडा वाजणार." त्यांनी सुई उचलून ठेवली. "एक विचारतो. त्या येळंला चिठ्ठी वाचून दाखवलीत ना?"

ज्या कामासाठी मी आलो होतो ते त्यांनी माझ्यापुढं ठेवलं होतं. मी म्हटलं, "वाचली. सगळे होते."

"मंग वाचूनसुदा..." एवढंच बोलून त्यांनी मान हलवली. आठ वर्षं ते समजत होते की आठ-दहा शिकलेल्या माणसांनी त्यांची चिठ्ठी ऐकली आणि तरीही त्यांना चोर ठरवलं. मी ते तसंच राहू दिलं. त्यांनी कॅलेंडरचा तुकडा घेतला, पेनाचं टोपण काढलं, रेकॉर्ड पाकिटात घातली. दोरा गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "अण्णासाहेब काय बोलले, ऐकल्यावर?"

"ते त्या दिवशी आले नव्हते," मी म्हटलं.

दोऱ्यावरचे हात थांबले. एसटी स्टँडवर कुणीतरी गाडी लागल्याचं ओरडत होतं. मग त्यांनी गाठ पूर्ण मारली, नीट, दोन पदरी, आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

"गाडी लागली तुमची," ते म्हणाले.

गाडीच्या खिडकीतून मला गल्ली दिसली. टेबलासमोर नवं गिऱ्हाईक उभं होतं, बगलेत टेपरेकॉर्डर घेऊन. भागुराम त्याच्याकडे बघत नव्हते. डावा हात समोर धरून ते आपल्या बोटांकडे बघत होते. चार मिटलेली होती. गाडी वळली.

राजेवाडीच्या पुढं मी दोरा सोडला. चिठ्ठीवर 'दोष' लिहून दोन टिंबं दिली होती. खाली 'भा. जा.' मधली जागा कोरी होती.

त्यानंतर त्यांची माझी भेट नाही. पुढल्या एका पुरानंतर दुकान उघडलं नाही, मुलीकडे गेले, असं ऐकलं. ती कोरी चिठ्ठी माझ्याकडे आहे आणि तिच्याखाली ठेवलेली पहिलीही. पहिली मला सगळ्यांसमोर वाचून दाखवायला सांगितली होती. आज वाचतो.

'दोष : वजन कमी केलं आहे. सुई मूळचीच आहे. भा. जा.'